चौथा ठोका पोटात

जयू,

काल तुझ्या वाडीत तुझे सगळे बँड एकदम जमले होते. तू असताना हे कधी झालं नाही. तू एका वेळी एकाच बँडचा असायचास, आणि जुन्यांसमोर नव्यांचं कौतुक करताना सासरी बसून माहेरचं बोलावं तसा अवघडायचास. काल वसईचे आले. मुंबईचे ते काळ्या टी-शर्टवाले आले, पोटं सुटलीयत, टी-शर्ट तेच आहेत. बोईसरची तुझी शेवटची मंडळी पाळ्या बदलून आली. आणि आपला पहिला बँड, म्हणजे उरलेले दोघं, सुध्या आणि मी. केळीच्या बागेत एवढी केसाळ माणसं बघून शेजारच्या काकूंनी तुझ्या बायकोला, मीनावहिनींना, विचारलं, "ही सगली त्याच्याच कामावरची का गो?"

वहिनी म्हणाल्या, "हो, कामावरचीच."

बारावं आदल्या आठवड्यात झालं होतं. भटजी, पिंड, कावळा, सगळं यथासांग. कालचा रविवार वहिनींनी वेगळा काढून ठेवला होता. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "ज्यांना वाजवायचं हाय त्यांनी वाजवा. ज्यांना रडायचं हाय त्यांनी आत या, कांदा चिरायला माणसं कमी हायत."

मी एक वाक्य घेऊन आलो होतो. ऐन पंचविशीपासून ते माझ्यापाशी आहे आणि आता माझे केस पिकले. 'त्या दिवशी जयू पळाला नव्हता, मी पळालो होतो.' सुध्यासमोर, वहिनींसमोर, तुझ्या सगळ्या बँडवाल्यांसमोर एवढंच म्हणायचं होतं. तू मला ओळखतोस. मी ते जेवण होईपर्यंत पुढे ढकललं. मग पान खाऊन होईपर्यंत.

हे तुझ्याशी बोलतोय, पण दुसरं कोणी वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगतो. वाजवणारे ज्याला 'पळणं' म्हणतात ते असं: गाणं ज्या चालीने सुरू झालं ती चाल सोडून वाजवणारा नकळत पुढे पुढे सरकायला लागतो. त्याला वाटतं रंग भरतोय. बाकीच्यांची फरफट होते. ड्रमर पळतो, असं एकदा कोणी म्हटलं की त्याचं काम संपलं. सोनाराचा तराजू खोटा आहे म्हणण्यासारखंच ते.

आपण भेटलो ते कंपनीत. तारापूरच्या एमआयडीसीत दोघंही अप्रेंटिस, मी लॅबमध्ये, तू पॅकिंगला. मी पालघरहून यायचो आणि कोणाशी बोलायचो नाही. तू एडवणहून यायचास आणि बोलल्याशिवाय कोणाला सोडायचा नाहीस. एकदा सँपल घ्यायला पॅकिंगला आलो, तर तू रिकामी निळी पिंपं ओळीत मांडून लाकडाच्या दोन पट्ट्यांनी बडवत होतास. मागे सुपरवायझर उभा. मला वाटलं, गेला हा. तू हात न थांबवता म्हणालास, "साहेब, चेक करतोय. ज्याला तडा हाय त्याचा आवाज बसका येतो." आणि एक पिंप बाजूला काढून दाखवलंस. खरंच तडा होता. साहेब मान डोलवत गेले. मी तुला विचारलं, "आवाजावरून कसं कळलं?"

"आत्ता बडवताना मीच पाडलाय," तू म्हणालास.

मी एवढ्या जोरात हसलो की लॅबमधले दोघं बघायला बाहेर आले. अविनाश हसतो, ही त्यांच्यासाठी बातमी होती.

मग सुध्या. आपल्याच कंपनीच्या अकाउंट्समध्ये होता आणि त्याच्याकडे मामाने दुबईहून आणलेली इलेक्ट्रिक गिटार होती. म्हणून तो आपोआप लीडर आणि आपोआप गायक. मी बेस गिटार घेतली, कारण तिला चारच तारा असतात, सोपी असेल. तुझ्याकडे काहीच नव्हतं. तू पिंपांवर सुरुवात केलीस. कितीही धुतली तरी त्यांना तो कडवट बदामी वास यायचा आणि तू रंगात आलास की शेडभर पसरायचा. सुध्या म्हणायचा, आपण जगातला एकमेव बँड आहोत जो आधी नाकाला कळतो.

ती शेड बंद पडलेल्या एका कापड कारखान्याची. तिथले वॉचमन रामधनी चाचा, खाट टाकून ऐकत बसायचे. पहिल्या दिवशी तासभर घाम गाळून आपण थांबलो, तर त्यांनी अदबीने विचारलं, "बेटा, मशीन तो अब ठीक हो गयी लगती है. गाना कब शुरू होगा?" आणि बँडला 'भोंगा' हे नाव तू ठेवलंस, कारण पाळी सुटल्याचा शेजारचा भोंगा वाजला की आपल्याला थांबावंच लागायचं. त्याच्यापुढे आपला आवाज काहीच नव्हता.

तुझा ताल कुठून आला ते मला एडवणला आल्यावर कळलं. सफाळ्याला उतरून टमटमने, मांडीवर बेस घेऊन. तुमच्या वाडीत अण्णांचं जुनं ऑइल इंजिन होतं, केळीला आणि पानवेलींना पाणी द्यायचं. धक्, धक्, धक्. आणि मग एक ठोका गायब. पुन्हा धक्, धक्, धक्. मी लॅबमधला हुशार माणूस, मी तुझ्या वडिलांना म्हणालो, "अण्णा, इंजिन मिस होतंय."

अण्णा दाराशी पानांची जुडी बांधत होते. वर न बघता म्हणाले, "मिस नाय होत. दम घेतंय. तुमी नाय घेत?"

तू ह्या आवाजावर लहानाचा मोठा झालास. त्यातूनच तुझी ती मोजणी आली. जगभरचे ड्रमर गाण्याच्या आधी काठीवर काठी मारून चार मोजतात आणि सगळे मिळून सुरू करतात. तू तीनच ठोके द्यायचास. चौथ्याला काठ्या हवेत, सगळं गप्प, आणि मग गाणं. "चौथा पोटात ठेवायचा," तू सांगायचास. "बाहेर वाजला की मानसं त्याच्यावर टेकतात. पोटात ठेवला की एकमेकांकडं बघतात." सुध्याला ते जमायला दोन-तीन महिने लागले. त्याआधी आपलं प्रत्येक गाणं दोनदा सुरू व्हायचं.

मला ते पहिल्या आठवड्यात जमलं. म्हणजे मला तसं वाटायचं. खरी गोष्ट ही की मी दरवेळी त्या गप्प ठोक्यात घाबरायचो आणि केसभर आधी सुरू करायचो, आणि तू केसभर आधी येऊन मला झाकायचास. मला वाटायचं, काय जोडी आहे आपली! जोडी होतीच. फक्त पाय एकाचेच दुखायचे.

आता ती स्पर्धा.

मुंबईतल्या एका कॉलेजचा हॉल. पहिल्यांदा मोठे स्पीकर, पहिल्यांदा माझाच बेस मला असा छातीत ऐकू आला. शेवटच्या गाण्याच्या पहिल्याच कडव्यात मला कळलं की मी पुढे चाललोय. कळत होतं आणि थांबता येत नव्हतं, उतारावर सायकलचा ब्रेक गेल्यावर होतं तसं. मी मागे वळून तुझ्याकडे पाहिलं.

त्या क्षणी तू आपल्या जागी ठाम राहिला असतास तर मी एकटा पुढे जाऊन उघडा पडलो असतो, आणि गाणं सगळ्यांसमोर फुटलं असतं. चूक कोणाची ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळलं असतं. तू मान हलवलीस. कंटाळून नाही, चल म्हणून. आणि माझ्याबरोबर आलास. मी पुढे, माझ्या खांद्याला खांदा लावून तू, मागून बिचारा सुध्या, शब्द तोंडात मावत नाहीत म्हणून अर्धे गिळत. गाणं फुटलं नाही. भरधाव गेलं, पण अख्खं गेलं.

ड्रमच्या जोडीने पळालेला बेस कानाला कळत नाही. ड्रम पळाले तर रस्त्यावर कळतं. परीक्षक माईकवर म्हणाले, "पोरं चांगली आहेत. ड्रमरला आवरा."

मग कँटीन. सुध्या उभा, आपण दोघं बसलेले, मध्ये तीन चहा.

"तुला लगामच नाही, जयू," सुध्या म्हणाला. "असं नाही चालणार."

"मग?"

"मग काय मग. दुसरा बघतो मी."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही, नुसतं. आणि टेबलावर बोटाने तीन ठोके दिलेस. मुद्दाम नसतील, तुझं बोट कधी गप्प राहिलंय? पण चौथा माझा होता, जयू. मी चहा पीत राहिलो.

कारण सांगतो, फार लहान आहे. मला भीती वाटली की सुध्या मला काढेल. बेसवाला काय, कोणीही मिळतो. आणि मला काढलं असतं तर माझे रविवार पुन्हा पहिल्यासारखे झाले असते, खोलीवर, धोब्याकडून आलेले कपडे मोजत. तुझे रविवार कसेही भरले असते, तू पिंपाशीही गप्पा मारायचास. असा हिशेब मी तेवढ्या एका घोटात केला. वाईट माणूस असतो तर निदान आधीपासून ठरवून केला असता.

भोंगा मग फार टिकला नाही. नवा ड्रमर अगदी घड्याळासारखा होता आणि तो कोणाच्याही मागे जाणारा नव्हता. पहिल्याच प्रॅक्टिसला मला कळलं की आता पंधरा मिनिटांत सगळं उघडं पडणार. मी शिफ्ट ड्युटीचं कारण सांगितलं, बेस पिशवीत घातला आणि पुन्हा गेलो नाही. सुध्याला कालपर्यंत वाटत होतं की कंपनीने माझ्यातला कलावंत मारला.

आणि तू! महिन्याभराने तू माझ्या खोलीवर आलास, खांद्यावर केळीचा अख्खा घड. दारातूनच ओरडलास, "अव्या, वसईवाल्यांनी बोलावलं! खरे ड्रम हायत त्यांच्याकडं, कातड्याचे नाय, कंपनीचे!" मी तुझं अभिनंदन केलं, चहा टाकला, आणि स्टोव्हशी पाठमोरा उभा असताना तू मागून विचारलंस, "बाकी काय मग? कोण पळालं?"

तुझ्या आवाजात हसू होतं. मी म्हणालो, "तूच की."

"बरं," तू म्हणालास, आणि केळं सोललंस.

तेव्हापासून तो आपला नमस्कारच झाला. लग्नात, स्टेशनवर, फोनवर. "कोण पळालं?" "तूच." "बरं." लोकांना वाटायचं मित्रांची गंमत आहे. गंमत होतीच. तू दरवेळी दार उघडून धरायचास आणि मी दरवेळी दारातूनच टाटा करायचो.

तू पळतोस ही बातमी मात्र तुझ्याआधी सगळीकडे पोचलेली असायची. हे मला फार उशिरा कळलं, वसईच्या ग्लेनकडून. ह्या वाजवणाऱ्यांचं जग इवलंसं. प्रत्येक नव्या बँडमध्ये पहिला महिना तुझ्यावर सगळ्यांचं लक्ष. "ऐकलंय तू पळतोस?" तू म्हणायचास, "कधी कधी. बघा तुमी." आणि मग ते बघायचे.

पण हे लिहायला बसलो आणि रडगाणं गायला लागलो तर तू काठी फेकून मारशील. कारण तू जगलास किती मजेत! मी सगळं पाहिलंय. तुझा एकही मोठा कार्यक्रम मी सोडला नाही, शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून. तू तीन ठोके द्यायच्या आधी डोळ्यांवर हात धरून मला शोधायचास.

वसईचा बँड 'सॉल्ट पॅन'. ती सगळी चर्चमध्ये गाऊन तयार झालेली मंडळी, वाजवण्याआधी प्रार्थना करायची. तू आपला डोळे मिटून अण्णांच्या इंजिनाचं स्मरण करायचास. नाताळात त्यांनी तुला हळू वाजवायला शिकवलं. परत आल्यावर मला म्हणालास, "जोरात वाजवणं सोपं रे. हळू वाजवणं म्हणजे टमटममधून अंडी नेणं."

मग मुंबईचा 'कवटी'. स्टेजवर धूर, अंधार, गायकाचे काजळ घातलेले डोळे, आणि घशातून रेडा यावा तसा आवाज. तू त्यांच्या प्रॅक्टिसला एडवणहून वेलची केळी न्यायचास. काल तोच गायक मला सांगत होता, तू केळी आणायला लागल्यापासून कोणी प्रॅक्टिस चुकवली नाही. वहिनींना त्याचे फोन यायचे, त्याच रेड्याच्या आवाजात, "वहिनी, ह्या वेळी राजेळी केळी मिळतील का? आईला वाळवून सुकेळी करायचीयत."

आणि ती सफाळ्याजवळची हळद! बेंजो पार्टीचा वाजवणारा आजारी पडला आणि तू 'कवटी'चा सगळा सरंजाम टेम्पोत घालून मांडवात हजर. मी मदतीला. तू असं काही सुरू केलंस की वरातीचा घोडा असता तर उधळला असता. पाच मिनिटांत नवऱ्याची आत्या हळदीच्या हाताने गर्दी फोडत आली आणि तुझ्या झांजेवरच हात ठेवला. "ए पोरा, ह्ये गुडघं काय तुज्या बापानं दिलंन? जरा नाचू दे की मला!"

तू म्हणालास, "नाचा आत्या, तुमी नाचा, मी बघतो." आणि तिच्या गुडघ्यांकडे बघत वाजवायला लागलास. तीच चाल, तिच्या पायांना झेपेल तेवढीच. म्हातारी तासभर नाचली. तिच्यामागून अख्खा मांडव. येताना टेम्पोत तू मला म्हणालास, "अव्या, समोरच्या गर्दीत एक गुडघा शोधून ठेवायचा. त्याच्यापेक्षा जास्ती घाई करायची नाय." मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो. पळणारा माणूस असं बोलत नाही, हे मला सोडून त्या टेम्पोच्या ड्रायव्हरलाही कळलं असतं.

शेवटी 'दुसरी पाळी'. कुठून कुठून एमआयडीसीत कामाला आलेली ही मंडळी. दुपारी कामावर जायच्या आधी, सकाळी प्रॅक्टिस. पंकज त्यांचा गायक, पहिल्या दिवशी तुझे तीन ठोके ऐकून गोंधळला. "दादा, चौथा कहाँ गया?"

"पेट में."

"खा गये?"

त्या दिवसापासून ती सगळी तुला 'पेटू दादा' म्हणायची. आणि किती सुंदर वाजवायला लागली! पन्नाशी ओलांडलेला तू, मध्यभागी टक्कल, बाजूने केसांची झालर, मागे बसून पंकजच्या गाण्यातल्या गावाकडच्या पोस्टमनला चाल देत होतास. मी खांबाला टेकून रडलो. खांब साक्षीला आहे.

तीन आठवड्यांपूर्वी वहिनींचा फोन आला. एवढ्याशा आजाराने तू एवढासा झाला होतास. पडवीत खाटेवर, उशाला पाण्याचा तांब्या, त्यावर तुझं बोट चालूच. मी शेजारी बसलो. केळीच्या भावाबद्दल बोललो, पंकजच्या लग्नाबद्दल बोललो. तुझं बोट तांब्यावरून माझ्या गुडघ्यावर आलं. एक, दोन, तीन.

"कोण पळालं?" तू विचारलंस.

जयू, त्या वेळी पडवीत आपण दोघंच होतो. वहिनी विहिरीवर. मला कोणी अडवलं नाही, कोणी मध्ये आलं नाही. मी तुझा हात धरला आणि म्हणालो, "तूच."

"बरं," तू म्हणालास आणि हसलास. त्याच आठवड्यात तू गेलास.

तर काल. पान खाऊन झालं. आंब्याखाली तुझे ड्रम मांडले होते, निळ्या पिंपांपैकी वाचलेलं एक बाजूला. सगळे आपापल्या आठवणी सांगत होते. मग सुध्या उठला. प्रेमाने बोलला, खूप छान बोलला, आणि शेवटी म्हणाला, "जयू पळायचा. पण काय पळायचा! त्याच्यामागे धावण्यात आमचं तारुण्य गेलं." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. तुझ्यावरचं शेवटचं वाक्य ते झालं. मी टाळ्या वाजवल्या.

"आता भोंगा वाजू दे," वहिनी म्हणाल्या.

सुध्याने गिटार काढली. मी बेस नेला होता, कशासाठी ते विचारू नकोस. प्रश्न ड्रमचा. ग्लेन म्हणाला, जागा रिकामीच ठेवूया. वहिनींनी पदर खोचला आणि सरळ तुझ्या स्टुलावर जाऊन बसल्या. "मला एक ताल येतो. करोनात घरात बसून बसून शिकवलंन त्याने. एकच येतो, त्याच्यात बसवा काय बसवायचं ते."

आपलं पहिलंच गाणं धरलं. वहिनींनी काठीवर काठी मारली. एक, दोन, तीन. चौथा पोटात.

आणि मी सुरू केलं. आधी! एकटा! सगळ्या बागेत माझाच बेस. मग मागून वहिनींचा ताल आला, जिथे यायला हवा तिथे, शांतपणे, विहिरीवरून घागर आणावी तसा. मी त्यांच्याकडे वळून पाहिलं, सवयीने. मी पुढे जात होतो आणि त्या येत नव्हत्या. त्यांनी मान हलवली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. त्या आपला येत होता तो एक ताल वाजवत राहिल्या, मी पुढे पुढे, मध्ये सुध्या इकडे बघतोय तिकडे बघतोय, आणि चौथ्या ओळीत गाणं फुटलं. काचेच्या बरणीसारखं.

बाग गप्प. मग पंकजने अगदी साधेपणाने, खरंच न कळून, विचारलं, "अरे, भागा कौन?"

तुझाच प्रश्न, जयू. दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्या भाषेत, पण बरोबर चौथ्या ठोक्यावर.

"मी," मी म्हणालो.

सगळे हसले. मी पण हसायला लागलो, आणि हसता हसता ते वाक्य बाहेर आलं. "आत्ताही मीच आणि त्या दिवशीही मीच. स्पर्धेत. जयू नव्हता पळाला."

सुध्याचा हात तारांवरच राहिला. "म्हणजे?"

"मी पुढे गेलो. गाणं फुटू नये म्हणून तो माझ्याबरोबर आला. आत्ता वहिनी नाही आल्या. बघितलंस ना काय होतं ते?"

"मी त्याला काढला रे," सुध्या म्हणाला.

"हो."

"आणि तू तिथेच होतास."

"चहा पीत होतो."

सुध्या त्या निळ्या पिंपावर बसला. मला वाटलं आता उठून मारेल, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने गिटार पायाशी टेकवली. मग म्हणाला, "गाढवा, तुझी शिफ्ट ड्युटी मी वीस ठिकाणी सांगितलीय. कलावंत मेला म्हणून." आणि त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की काय करतोय ते मला कळेना. त्यालाही कळत नसावं.

मी वहिनींकडे बघितलं. ते अवघड होतं. "तुम्हाला तो कधी बोलला होता?"

"नाय," वहिनी म्हणाल्या. "मी विचारायची, भावजी आले की तू त्यांना सारखं काय विचारतोस? तर म्हणायचा, त्याचं उत्तर चुकतं. बरोबर येईपर्यंत विचारणार." काठ्या त्यांनी मांडीवर आडव्या ठेवल्या. "आज बरोबर आलं. पण भावजी, एक सांगते. मी नाय हां धावणार तुमच्यामागं. मला रात्रीच्या भाकऱ्या टाकायच्या हायत. पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. एक, दोन, तीन.

त्या चौथ्यात मी पहिल्यांदाच थांबलो. तिथे काय काय असतं रे! केळीचं पान फाटल्याचा आवाज, शेजारच्या वाडीतली मोटर, लांबून समुद्र. आणि माणसं. वसईचे, मुंबईचे, बोईसरचे, एकमेकांना काल पहिल्यांदा भेटलेले सगळे, ज्यांच्या हातात वाद्य नव्हतं तेही, एकाच वेळी मान खाली नेत होते. सगळ्यांनी चौथा पोटात ठेवला होता. मग आम्ही सुरू झालो आणि बाकीचेही घुसले, ग्लेनची गिटार, पंकजचा गळा, रेड्याचा आवाजसुद्धा. वहिनींचा ताल जराही हलला नाही आणि मी त्याला धरून चाललो, पायरीवर पाय ठेवत उतरावं तसा. इतकं सोपं होतं हे! आणि हे सुख तू रोज घ्यायचास.

शेवटच्या कडव्यात सुध्याचा आवाज फाटला. त्याने डोळे मिटले आणि तो पळायला लागला. रडू गाठायच्या आत गाणं संपवायचं असावं त्याला. शब्द एकमेकांवर पडायला लागले, बाकीचे मागे राहायला लागले, आणि त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली आणि त्याच्याबरोबर गेलो. वहिनींनी "भावजी!" म्हणून डोळे वटारले. मग त्याही आल्या.

गाणं भरधाव संपलं, पण अख्खं गेलं, जयू. कोणी विचारलंच तर मी पळालो म्हणून सांगणार आहे.